हुकूम कोणाचा

मी हौसेनं फिरायला गेलो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या कागलच्या कट्ट्यावर मंडळींनी "नांदेड-लातूर? आणि ते काय बघायला?" असं विचारून भंडावलं, तेव्हा "गुरुद्वारा" असं सांगून मी सुटका करून घेतली. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मला बोलावणं आलं होतं, आणि ते ज्याच्याकडून आलं त्याला नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

मी बावीस वर्षं फौजेत धर्मगुरू होतो. असंही पद फौजेत असतं हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पलटणीच्या मंदिरातली पूजाअर्चा, रविवारचं प्रवचन, जवानाच्या पोराचं बारसं, आणि पेटी तिरंग्यात गुंडाळून निघाली की शेवटचे मंत्र. अंगावर वर्दी असायची, पण सरावाची चांदमारी सोडली तर मी गोळी झाडलेली नाही. माझं हत्यार म्हणजे माझा गळा. तो चांगला होता, हे मी स्वतःच सांगतो, कारण आता सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

बालाजी माझ्या पलटणीतला. शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातला, आडव्या हाडाचा, कमी बोलणारा. त्याचा फोन आला तो एवढाच: "पंडितजी, माय दीक्षा घेऊन राहिली. पुनवेला आश्रमात जाणार, मंग घर संपलं. त्याच्या आधी येऊन तिला सांगता का? मला सांगितलं होतं ते."

मी त्याला काय सांगितलं होतं ते त्यानं फोनवर उच्चारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

नांदेड

स्टेशनवर बालाजी न्यायला आला होता. कानशिलं पांढरी झालेली, पाठ मात्र अजून परेडची. पेन्शनीवर आल्यापासून तो इथल्या एका शाळेच्या फाटकावर बसतो. बंदूक घेऊन उभं राहायची नोकरी जास्त पगाराची मिळत होती, ती यानं घेतली नाही. बायको, सुमन, महिनाभर गावी सासूपाशी आहे, म्हणून हा एका खोलीत एकटाच हातानं करून खात होता.

"पंडितजी, सकाळी सुशीला चालंल ना?" त्यानं विचारलं. मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या टपरीवर कळलं की सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला नाश्ता. आमच्याकडे चुरमुऱ्याचा भडंग करतात, कोरडा आणि कुरकुरीत. ओले चुरमुरे म्हणजे बिघडलेले चुरमुरे. पण वर शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू. दोन बशा खाल्ल्या. बालाजी हसला, आणि मला बरं वाटलं, कारण स्टेशनपासून तो हसलेला नव्हता.

दुपारी गुरुद्वाऱ्यात गेलो. संगमरवर तापलेला, डोक्याला रुमाल, पंगतीत मांडी घालून बसलो तर एक आजोबा वाकून वाकून रोटी वाढत होते. आम्ही दोघांनीही हात पुढे करून रोटी घेतली, कारण तिथं रोटी दोन्ही हातांनी घ्यायची असते. आत ठेवलेली जुनी शस्त्रं पाहताना मला आमची पलटण आठवली. आमच्याकडे एकाच छताखाली पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री असे चौघं होतो. कामगिरीवर निघायच्या आधी पोरं आपापल्या माणसाकडे यायची. चौघांच्याही पोथ्यांत जीव घेऊ नये असं लिहिलेलं होतं, आणि चौघांच्याही पोथ्यांत देवानं कुणाला तरी कधी तरी लढायला पाठवलेलं होतं. आम्ही चौघं रात्री पत्ते खेळताना यावर वाद घालायचो. सकाळी पोरं आली की मात्र चौघांचंही सांगणं एकच निघायचं: जा.

जेवण झाल्यावर ओट्यावर बसून बालाजीनं मायची गोष्ट सांगितली.

त्याचं घर पिढ्यान् पिढ्या महानुभाव पंथाचं. त्या घरात मारणं तर सोडाच, 'काप' हा शब्दसुद्धा तोंडातून काढत नाहीत. भाजी 'नीट करायची', ऊस 'मोडायचा', दिवा 'शांत करायचा'. विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधावर सोडून यायचं. असल्या घरातलं पोर फौजेत गेलं ते बाप वारल्यावर, लातूरला भरती निघाली म्हणून. माय म्हणाली होती, गाडी चालव, सैपाक कर, बंदूक नको. यानं हो म्हटलं. "पण तिथं काय आपल्याला इचारून काम देतात का?" बालाजी म्हणाला.

सात वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला आणि जेवता जेवता बोलून गेला की माय, माझ्या हातून एक मेला. माय जेवत होती. ती ताटावरून उठली, हात धुतले, आणि त्या दिवसापासून तिनं लेकाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. ती त्याला वाढते. त्याच्या कपाळावरून हात फिरवते, ताप आला तर उशाशी बसते. पण त्यानं तांब्या पुढे केला की ती तोंड फिरवते. आश्रमातल्या बाबांनी तिला सांगून पाहिलं की बाई, पंथात असला काही नेम नाही, सोड हे. ती म्हणाली, पंथाचा नसंल, माझा हाय.

"पुनवेनंतर ती भिक्षा मागून खाणार," बालाजी म्हणाला. "चार गावची दारं, चार घरच्या लोकांच्या हातचं. जग वाढंल तिला. मीच तेवढा न्हाई. मला एक घोट पाहिजे पंडितजी, बाकी काही न्हाई. जायच्या आधी तिनं माझ्या हातानं एक घोट प्यावा."

एवढा मोठा बाप्या माणूस, आणि एका घोटासाठी हात जोडत होता. मी म्हणालो, काळजी करू नको, मी बोलतो तिच्याशी. मला खरंच वाटत होतं की अर्ध्या तासाचं काम आहे. बावीस वर्षं मी यावरच तर बोललो होतो.

लोहा

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो आणि लोह्याला उतरलो, कारण रज्जाकचाचांकडून मायची झोळी घ्यायची होती. भिक्षेची झोळी. बाजाराच्या मागच्या गल्लीत चाचांचं शिलाईचं दुकान आहे, पायमशीन आणि एक लाकडी फळी एवढंच. बालाजीची पहिली खाकी पँट यांनीच लहान करून दिली होती.

चाचा पंच्याहत्तरीचे असतील. झोळी उलटी करून त्यांनी मला आतली शिवण दाखवली. "दुहेरी टाका मारलाय. गयाबाईला सांगा, दहा वर्षं बघायची गरज न्हाई." मग चहा मागवला. आमच्याकडे चहा म्हणजे निम्मं दूध. इथं तो कडक, गोड आणि इवल्याशा पेल्यात, तीन घोटांत संपणारा.

मी काय कामाला आलोय हे त्यांना ठाऊक होतं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "माझे अब्बा बालाजीच्या गावचेच. पोलिस ॲक्शनच्या वक्ताला ह्याच्या पणज्यानं अब्बाला धान्याच्या पेवात लपवलं, तीन दिवस. आधी रझाकार आले होते, ते आमच्या देवाचं नाव घेत आले. मग दुसरे आले, ते त्यांच्या देवाचं नाव घेत आले. अब्बानं दोन्ही ऐकलेलं. म्हणायचे, रज्जाक, नाव येगळं होतं, आवाज एकच होता."

"आणि पणज्यानं त्या मागून आलेल्यांना काय सांगितलं?" मी विचारलं. "पणज्याला तर खोटंही बोलायची मनाई असणार."

"पेवात कोण हाय म्हणून इचारलं, तर म्हणाले, धान्य हाय, आन् दुसरं जे हाय ते माझ्या जिम्म्याचं हाय. पेवाच्या तोंडावर बसून राहिले. त्यांच्या डोस्क्यात काठी घातली. ऐकायला येणं बंद झालं त्यांचं, मरेपर्यंत. पण उठले न्हाईत."

बालाजी खाली मान घालून झोळीची घडी घालत होता. ही गोष्ट त्यानं लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल, आणि हातून माणूस मेल्यानंतर ती ऐकताना त्याला काय होत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

निघताना चाचांनी मला थांबवलं. "पंडितजी, तुम्ही शिकलेले. दोन्हीकडच्या किताबांत लिहिलंय, जीव घेऊ नको. आन् दोन्हीकडं लिहिलंय, लढ. मी दर्जी. मला इतकंच कळतंय की कपडा कापताना माप कोणाचं घेतलं ते बघावं लागतं. एकाचं माप घ्यायचं आन् भलत्याच्या अंगावर चढवायचं, बसंल का?"

मला राग आला. शास्त्री परीक्षा मी उगाच दिलेली नाही, आणि एक शिंपी मला अर्थ सांगणार? "बघू बसतंय का," एवढं बोलून मी बाहेर पडलो. झोळी बालाजीच्या हातात होती.

अहमदपूरकडे

एसटीत खिडकीची जागा मिळाली. ज्वारी काढणीला आलेली, करडई वाळून काट्यांवर आलेली, तुरीच्या शेतांत नुसते खराटे. आमच्या पंचगंगेकाठी या दिवसांत डोळ्यांना हिरवं सोडून काही दिसत नाही, आणि इथं मैलोन् मैल सगळं भाजक्या रंगाचं. दगडी बांधावर बसून बायका भाकरी खात होत्या. उन्हात त्यांची लुगडी तेवढी रंगीत दिसत होती.

बालाजी बाहेर पाहतच म्हणाला, "पंडितजी, मी तुमाला काय म्हणलो होतो ते आठवतं का?"

"कधी?"

"त्या दिवशी. पायरीवर."

"इतक्या वर्षांचं कसं आठवणार बाबा," मी म्हणालो. ते खोटं होतं. एसटीत बसून, पोराच्या शेजारी, मी सरळ खोटं बोललो.

मला सगळं आठवत होतं. सकाळचे सव्वासहा. सात वाजता मोठे साहेब भेटीला येणार म्हणून मंदिर धुऊन काढलेलं. मी आरतीचं तबक मांडत होतो आणि बालाजी पायऱ्यांशी येऊन उभा राहिला. बूट चिखलानं भरलेले, म्हणून वर येईना. म्हणाला, "पंडितजी, माझ्या गोळीनं एक मेला. तो पाठमोरा होता. पळून राहिला होता. पाप लागंल का?"

पुढे झुडपात हत्यार सापडलं, ते त्या माणसाचंच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण गोळी लागली तेव्हा ते त्याच्या हातात नव्हतं. आणि पाठ फिरवलेल्यावर, हत्यार टाकलेल्यावर वार करायचा नाही हा नियम, मी प्रवचनात ज्याचे दाखले द्यायचो त्याच जुन्या युद्धात, पहिला शंख वाजायच्या आधी, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला आहे. मी तो पोरांना शिकवतही असे. त्या सकाळी बालाजीनं जे विचारलं त्याला उत्तर होतं, आणि ते मला येत होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्या त्या चांगल्या गळ्यानं म्हणालो, "बालाजी, ही देवाची आज्ञा आहे. तू नुसता निमित्त. तुला काही लागत नाही." आणि त्याच्या हातावर शिऱ्याचा प्रसाद ठेवला. साहेब सात वाजून पाच मिनिटांनी आले, खूश होऊन गेले. कामगिरीवरून आलेल्या शेकडो पोरांना मी हे वाक्य सांगितलं होतं. कुणीच उलटून विचारलेलं नव्हतं.

शिरूर अनंतपाळच्या अलीकडे

संध्याकाळी गावात पोचलो. चार खोल्यांचं सिमेंटचं घर, अंगणात शेवगा, ओसरीवर तिवईवर पाण्याची घागर. गयाबाई दारात उभ्या होत्या. सत्तरीच्या आतबाहेर, काठीसारख्या बारीक, आणि आवाज मात्र भरदार. "दंडवत पंडितजी. लांबून आलात. पाय धुवा."

राग नाही, आडपडदा नाही. मी तर भांडायच्या तयारीनं आलो होतो, आणि ही बाई मला येसराची आमटी आणि गरम भाकरी वाढत होती. येसर म्हणजे धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी आमच्या तांबड्या रश्श्याच्या तोंडात मारेल अशी झणझणीत होती, कांदा-मटणाचा वास नसताना. मी तसं म्हणालो. म्हटल्यावर जीभ चावली, कारण त्या घरात मटण हा शब्द काढणं शोभत नव्हतं.

आणि मग जे नको व्हायला तेच झालं. हात धुऊन ओसरीवर बसलो होतो, मनगटावर डास बसला, आणि मी सवयीनं फाडकन मारला. सुमन हातातलं भांडं धरून उभी. मनगटावर रक्ताचा ठिपका. गयाबाई उठल्या. आत गेल्या, ओला फडका आणून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "पुसा. लिंबाचा पाला जाळते, मंग बसणार न्हाईत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला तिनं डासाबद्दलही बोल लावला नाही तो मी तिच्या लेकाचा वकील होतो.

त्याआधी जेवताना एक गोष्ट मी पाहिली होती. बालाजी मायच्या पानाशेजारी तांब्या ठेवून आला. गयाबाईंनी तो उचलला नाही. थोड्या वेळानं सुमन उठली, तो तांब्या अंगणात शेवग्याला ओतला, घागरीतून पुन्हा भरला आणि सासूपुढे ठेवला. तिघांपैकी कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. सात वर्षं, तो घरी असला की, असंच चाललं होतं.

पहाटे जाग आली ती त्यांच्या पाठानं. सातशे श्लोक त्यांना तोंडपाठ होते, तेच जे मी बावीस वर्षं वाचले. उच्चार गावरान, 'श'चा 'स' होत होता, आणि माझी जीभ चूक दुरुस्त करायला शिवशिवत होती. पण एकही श्लोक गळला नाही. मी तरी पुस्तक समोर ठेवूनच वाचायचो.

चहा झाल्यावर मी विषय काढला. बालाजी दाराशी बसला होता, सुमन चुलीपाशी.

"गयाबाई," मी म्हणालो, "तुम्ही एवढं पाठ करता. त्यात देव स्वतः सांगतो ना, आत्मा मरत नाही. शरीर पडतं. मग बालाजीनं मारलं ते काय?"

"आत्मा मरत न्हाई म्हणून मारायला हरकत न्हाई, असं व्हय?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग मुंगीचाबी मरत न्हाई. तिला वाचवायचा नेम मंग देवानं उगंच दिला का?"

मी दुसरीकडून गेलो. सैनिकाचा धर्म, स्वधर्म, नेमून दिलेलं काम. त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्यानं गाडी चालवायचं काम मागितलं होतं. बंदूक देणारा देव नव्हता, सायेब होता."

मी थोडा चढलो. आवाज मंदिरातला लागला. "पण आज्ञा तर देवाची आहे! रथावर उभं राहून, समोर नातेवाईक उभे असताना, देवानं त्या योद्ध्याला सांगितलं, ऊठ, लढ. त्यानं धनुष्य टाकलं होतं, देवानं उचलायला लावलं. हे तर तुम्ही रोज पहाटे म्हणता. जीव घेऊ नको म्हणणारा आणि लढ म्हणणारा देव एकच आहे ना?"

"एकच हाय."

"मग?"

गयाबाईंनी पदर सारखा केला. "पंडितजी, तवा देव हुता. त्याच्या डोळ्यापुढं हुता, हात लावला तर लागत हुता. देवाला समद्याचं आतलं दिसतं, कोणाचं काय भोगून व्हायचं हाय ते कळतं. त्यानं त्या एका माणसाला, त्या एका दिसाला सांगितलं. मंग देव गेला. आता असन्निधान हाय."

हा शब्द त्यांच्या पंथातला. देव देहानं जवळ असणं ते सन्निधान. तो निघून गेल्यावरचा हा सगळा काळ, तुमचा-आमचा, तो असन्निधान. मी तो पुस्तकात वाचला होता. कुणाच्या तोंडून, चुलीशेजारी, कधी ऐकला नव्हता.

"असन्निधानात हुकूम न्हाई," त्या म्हणाल्या. "जाताना त्यानं नेम तेवढा मागं ठिवला, जिवाला दुखवू नका म्हणून. हुकूम संगं घेऊन गेला. आता कोणी म्हणलं की देवाची आज्ञा हाय, मार, तर मी इचारते, तुला कवा भेटला तो?"

त्या शिंप्याचं माप आठवलं आणि मनातल्या मनात मी त्याला शिवी दिली.

मग त्यांनी बालाजीकडे पाहिलं. सात वर्षांत त्यांनी हे विचारलेलं नव्हतं, असं नंतर सुमननं मला सांगितलं. "बाळ्या, तो माणूस तुझ्यावर चालून आलता का?"

इथं मला एक वाट दिसली. समोरासमोर झाली लढाई, एवढं मी म्हणालो असतो तर काम झालं असतं. माय मऊ झाली असती. बालाजीला घोट मिळाला असता. खोटं कोणाला कळणार होतं? मी तोंड उघडलंही होतं.

"पाठमोरा हुता माय," बालाजी म्हणाला. "पळून राहिला हुता."

चुलीवर दूध होतं, ते सुमननं उतरवलं. गयाबाई लेकाकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"हे तुमाला ठाव हुतं?"

"होतं."

"कवापासून?"

"त्याच सकाळी. त्यानं मला सांगितलं होतं."

"आन् तरी म्हणलात, देवाची आज्ञा हाय."

"म्हणालो."

"का?"

या 'का'ला माझ्याजवळ शास्त्रातलं काही नव्हतं. मी म्हणालो, "साहेब यायचे होते. घाई होती." हे शब्द बाहेर पडले तेव्हा मला माझी इतकी शरम वाटली की मान वर करवेना. साठी उलटल्यावर, परक्या घरात, मी हुंदका दिला. बालाजी उठून येऊ लागला, त्याला मायनं हातानंच थांबवलं.

"पोरगं इचारायला आलतं," त्या म्हणाल्या. "त्याला आतून वाटलं म्हणून आलतं. तुमी त्याला गप केलं, देवाच्या जागी बसून." आवाज चढलेला नव्हता. "देवाच्या नावानं सांगितलं तर ते सांगणाऱ्याचं व्हतं. आता तुमीच सांगा पंडितजी, हे कोणाचं?"

बालाजी पटकन म्हणाला, "माय, गोळी माझी हुती. त्याईचं काय न्हाई."

"तुला न्हाई इचारलं."

मी बालाजीकडे पाहिलं. त्यानं बोलावल्यावर मी आलो होतो, त्याच्या एका घोटासाठी. "माझं," मी म्हणालो.

"घेतलं?"

"घेतलं."

गयाबाईंनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मग म्हणाल्या, "बाळ्या, पाणी आण."

तो उठला. घागरीत तांब्या बुडवताना त्याच्या हातून अर्धं पाणी तिवईवर सांडलं. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला, आणि त्या त्याच्या हातातूनच, तांब्याला तोंड लावून, घटाघटा पाणी प्यायल्या. एक घोट नाही, सगळा तांब्या. हनुवटीवरून ओघळ पदरावर आले. बालाजी खाली बसला आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून मोठ्यानं रडला. सुमनही रडत होती. मीसुद्धा डोळे पुसले. मला वाटलं, आलो ते काम झालं.

बस अकराची होती. निघायच्या आधी घसा कोरडा पडला होता म्हणून मी उठून घागरीकडे गेलो आणि तांब्या उचलायला हात पुढे केला.

"पंडितजी," गयाबाई मागून म्हणाल्या, अगदी हळू, जणू पाहुण्याला लागेल असं काही बोलायचं नव्हतं. "घागरीला हात नका लावू. बसा तुमी. मी वाढते."

मी जिथं होतो तिथंच, ओसरीच्या कडेला, उकिडवा बसलो आणि ओंजळ धरली. लहानपणी आमच्या आजोबांच्या अंगणात गावाबाहेरची माणसं अशीच बसायची, आणि माझी आजी वरून, न शिवता, धार सोडायची. गयाबाईंनी वरून धार सोडली. "पोटभर प्या," त्या म्हणाल्या. मी प्यालो.